दोन एअरपोर्टमधलं अंतर सांगणारं ॲप वापरून बघितलं: किलोमीटर पक्के, मिनिटं कच्ची

सुरुवात ताईपासून झाली. तिला टोकियोत विमान बदलायचं होतं, नारिताला उतरायचं आणि हानेडाहून पुढचं पकडायचं, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढायचं चाललं होतं. मला फोन करून म्हणाली, अरे हे बघ, ॲपमध्ये टाकलं मी, ५९ किलोमीटर, प्रवासाचा वेळ ३४ मिनिटं, माझ्याकडे मधे तीन तास आहेत, आरामात होतंय. मी म्हटलं ताई, ३४ मिनिटं कशाने? ती म्हणाली, कशाने म्हणजे, लिहिलंय ना इथे प्रवासाचा वेळ. मग मी तिला स्क्रीनशॉट पाठवायला सांगितला तर खरंच तसंच लिहिलेलं, वर छोटंसं विमानाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात ३४ मिनिटं. म्हणजे ॲपच्या मते ताई नारिताला उतरणार आणि विमानाने उडून हानेडाला जाणार. एकाच शहराच्या दोन एअरपोर्टमध्ये. रेल्वे धरली तर साधारण दीड तास लागतो, बस मिळाली आणि रस्ता मोकळा असला तर थोडं कमी, आणि वेगळी तिकिटं म्हणजे त्याआधी इमिग्रेशनची रांग, बॅग घेणं, कस्टम्स, आणि पोचल्यावर परत चेक-इनची रांग. तीन तासांत होईलही, पण "आरामात" हा शब्द काढून टाका.

तिला तिकीट काढण्याआधी थांबवलं हे बरं झालं, पण मला त्या ॲपचा किडा चावला. पुढचे दोन आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी जगातले कुठलेही दोन एअरपोर्ट टाकून बघायचो, त्याचाच हा रिव्ह्यू. ॲपचं नाव घेत नाही, कारण असली ॲप आणि साइट ढिगाने आहेत आणि माझा अंदाज असा की आतलं गणित बहुतेकांचं सारखंच, फक्त रंग वेगळे. तुमच्या फोनमध्ये जे असेल त्याला हे लागू होतंय का ते तुम्हीच तपासून बघा, कसं तपासायचं ते पुढे येईलच.

काम तसं सोपं आहे. वरच्या खणात निघायचं एअरपोर्ट, खालच्या खणात पोचायचं, बटण दाबलं की अंतर, वेळ, नकाशा आणि दोन्हीकडची घड्याळं. जाहिराती आहेत पण मधे मधे उड्या मारत नाहीत. लॉगिन मागत नाही, लोकेशन मागितलं पण नाही म्हटल्यावर गप्प बसलं, त्याबद्दल आधीच अर्धा स्टार देऊन टाकतो.

आता अंतर. इथे खोटं बोलणार नाही, अंतर चांगलं दाखवतं. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके टाकलं, ५,५४० किमी आलं. दुसऱ्या एका साइटवर तेच टाकलं तर ५,५५५ किमी. पंधरा किलोमीटरचा फरक कुठून आला म्हणून डोकं खाजवत बसलो, मला वाटलं कुणीतरी एकजण चुकतोय. तर दोघंही बरोबर आहेत आपापल्या जागी. पहिला पृथ्वीला अगदी गोल चेंडू समजतो, त्रिज्या सरसकट ६,३७१ किमी धरतो आणि हॅवरसाइन नावाचं सूत्र लावतो. पण पृथ्वी तशी नाहीये, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवापाशी ६,३५७, म्हणजे वरून खालून जराशी दाबलेली, आणि दुसरी साइट तो चपटेपणा हिशोबात घेते. त्यासाठी लोक अजूनही बऱ्याचदा १९७५ सालची व्हिन्सेंटीची पद्धत वापरतात. फरक येऊन येऊन येतो अर्ध्या टक्क्याच्या आत, प्रवाशाला त्याचं काही देणंघेणं नाही.

पण मग ॲप जेव्हा ५,५४०.३ असं दशांश चिन्ह लावून दाखवतं तेव्हा हसू येतं. अहो, एअरपोर्टच केवढं असतं! डेन्व्हरचं एअरपोर्ट जवळपास १३६ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे आणि तिथला सगळ्यात लांब रनवे ४,८७७ मीटर, म्हणजे नुसता रनवेच पावणेपाच किलोमीटरच्या वर. अंतर मोजतात ते एअरपोर्टच्या एका ठरवलेल्या बिंदूपासून, तो साधारण सगळ्या रनवेंच्या मधोमध कुठेतरी असतो, तुम्ही उभे असता त्या गेटपासून नाही. त्यामुळे दशांशातला तो ३ नुसता शोभेचा आहे.

एककांचं मात्र खटकलं. सेटिंगमध्ये किलोमीटर आणि मैल असे दोनच पर्याय, आणि मैल म्हणजे कुठला मैल ते कुठेच लिहिलेलं नाही. रस्त्यावरचा मैल १.६०९ किमी, विमानवाल्यांचा सागरी मैल म्हणजे नॉटिकल माइल बरोब्बर १.८५२ किमी, दोघांत १५ टक्क्यांचा फरक. हीथ्रो-जेएफके साध्या मैलात ३,४५० च्या आसपास आणि नॉटिकलमध्ये जेमतेम ३,०००. कुठल्या वैमानिकाच्या व्हिडिओत तीन हजार ऐकाल आणि ॲपमध्ये साडेतीन हजार बघाल तर वाटेल विमानाने शॉर्टकट मारला. नॉटिकल मैल उगाच कुणी काढलेला नाहीये बरं का, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल, त्यामुळे नकाशावर मोजायला सोपं जातं. तिसरा पर्याय द्यायला ॲपवाल्यांचं काय जातं कळत नाही.

शोधायची सोय बरी आहे. तीन अक्षरी कोड टाकला की लगेच सापडतं, चार अक्षरी टाकला तरी. पण नावाने शोधाल तर डोळे उघडे ठेवा. सिडनी टाकलं की दोन येतात, एक ऑस्ट्रेलियातलं एसवायडी आणि एक कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधलं वायक्यूवाय, आणि चुकीच्या सिडनीला जाऊन पोचलेल्या माणसांच्या बातम्या खरोखर येऊन गेल्यात, विनोद नाही. सॅन होजे तर अजून डेंजर, कॅलिफोर्नियाचं एसजेसी आणि कोस्टा रिकाचं एसजेओ, शेवटच्या एका अक्षराचा खेळ. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्येही आहे आणि अलाबामातही, पोर्टलंड अमेरिकेच्या दोन टोकांना दोन. या ॲपने देशाचं नाव दिलंय पण एवढ्या बारीक करड्या अक्षरात की माझ्यासारख्या चष्मेवाल्याने ते वाचायचं कसं. आणि नुसतं लंडन किंवा टोकियो टाकलं तर ते शहराच्या मधलाच कुठला तरी बिंदू धरतं, कुठलं एअरपोर्ट असं विचारतसुद्धा नाही. ताईची गडबड झाली ती थेट यातून नाही पण याच आळसातून, एका शहराला एकच एअरपोर्ट असतं असं धरून बनवलंय सगळं.

नकाशाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत कारण तिथे ॲप स्वतःशीच भांडतंय. आकडा काढतं ग्रेट सर्कलचा, म्हणजे गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणून धरली तर ती जिथून जाईल तो रस्ता. आणि नकाशावर रेघ मारतं पट्टी लावून सरळ. सपाट नकाशावरची सरळ रेघ हा गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता नसतो, शाळेत भूगोलाच्या सरांनी संत्र्याला दोरा गुंडाळून दाखवलं असेल ते आठवा. न्यूयॉर्क आणि माद्रिद घ्या, दोन्ही साधारण ४०.५ उत्तर अक्षांशावर. सरळ पूर्वेला नाक धरून उडत राहिलं तर ५,९३० किमीच्या आसपास होतात, आणि ग्रेट सर्कलने जवळपास ५,७६०, म्हणजे १७० किमी वाचतात, पण त्यासाठी विमानाला मधे ४६ अक्षांशापर्यंत वर चढून परत खाली यावं लागतं. ॲपने आकडा दाखवला ५,७६३ आणि रेघ मारली ५,९३० वाली. ज्याला माहीत नाही तो विमानातल्या सीटसमोरच्या स्क्रीनवर वाकडा रस्ता बघतो आणि शेजाऱ्याला म्हणतो हे लांबून नेतायत वाटतं.

बरं, आता वेळ. खरी मजा इथे आहे, कारण लोक ॲप उघडतात ते वेळ बघायला. किलोमीटर किती हे कुणाला हवं असतं, किती वाजता पोचणार हे हवं असतं.

पहिला संशय आला तो अंतर फार कमी असलेला जोड टाकल्यावर. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये जगातलं सगळ्यात छोटं नियमित विमान उडतं, अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोनेक मिनिटं, आणि वारा साथीला असला तर ५३ सेकंदांत पोचल्याचा विक्रम आहे. ॲप म्हणालं ३० मिनिटं. तीस! तेवढ्यात बैलगाडीने गेलो तरी पोचू, मधे समुद्र नसता तर. मग पेटलो. नारिता-हानेडा ५९ किमी ३४ मिनिटं. हीथ्रो-जेएफके ५,५४० किमी, ७ तास २५ मिनिटं. वही काढली, प्रत्येक वेळेतून ३० मिनिटं वजा केली आणि राहिलेल्या वेळेने अंतराला भागलं. अगदी छोटे मार्ग सोडले तर दर वेळी उत्तर तेच, ताशी ८०० च्या आसपास. झालं, संपलं गुपित. अंतर भागिले ८००, अधिक अर्धा तास. एवढंच आहे आत, विमान नाही, वारा नाही, वेळापत्रक नाही, काहीच नाही. तुमचं ॲप तपासायचं असेल तर हीच पद्धत, तीन वेगवेगळ्या लांबीचे मार्ग टाका आणि कॅल्क्युलेटर काढा.

हे सूत्र अगदीच टाकाऊ आहे असं नाही म्हणणार मी. अर्धा तास ठेवलाय तो चढण्या-उतरण्यासाठी, तेव्हा विमान पूर्ण वेगात नसतंच, पुष्कळ देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते म्हणजे ताशी साधारण ४६० किमी. आणि मधल्या अंतराला मोठ्या जेटसाठी ८०० हा आकडा ढोबळमानाने चालून जातो. पण चालून जातो म्हणजे चालून जातो, त्यावर कनेक्शन ठरवू नका.

कारण विमानावर सगळं अवलंबून आहे. ए-३५० किंवा ७८७ सारखी लांब पल्ल्याची विमानं वर गेल्यावर ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने जातात, म्हणजे ताशी ९०० किमीच्या जवळपास. पंखेवाली एटीआर ७२ ताशी ५०० च्या आसपास. ६०० किमीच्या मार्गाला ॲप सव्वा तास सांगणार, पण त्या मार्गावर एटीआर लागत असेल तर पावणेदोन तास धरून चाला. ॲप एकदाही विचारत नाही की कुठल्या विमानाने जाताय. आणि उलटी चूक लांबच्या मार्गावर होते. सिंगापूर ते जेएफके, १५,३०० किमीच्या वर, जगातल्या सगळ्यात लांब नियमित उड्डाणांपैकी एक. ॲप म्हणतं १९ तास ४१ मिनिटं. वेळापत्रकात असतात साधारण पावणेएकोणीस. तासभर जास्त बसवून ठेवलं की तुम्हाला.

आणि वारा! वाऱ्याचा तर पत्ताच नाही. हीथ्रो ते जेएफके टाका, ७ तास २५. उलटं करून जेएफके ते हीथ्रो टाका, परत ७ तास २५. खरं वेळापत्रक उघडून बघा, न्यूयॉर्ककडे जाताना आठ तासांच्या आसपास आणि लंडनकडे येताना सातच्या आसपास. म्हणजे ॲपचा आकडा बरोब्बर मधे बसलाय आणि दोन्ही बाजूंना चुकतोय. याला कारण जेट स्ट्रीम. मधल्या अक्षांशांवर साधारण नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदी वाहत असते, हिवाळ्यात जास्त जोरात, आणि विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. पूर्वेला जाणारं विमान त्या नदीत शिरून वाहून घेतं आणि पश्चिमेला जाणारं तिला टाळत टाळत जातं. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीच्या हिशोबाने ताशी १,३०० किमीच्या वर वेग. म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त झाला का, तर नाही, ते हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगात होतं, हवाच पळत होती. (काँकॉर्डचा विक्रम वेगळा, ७ फेब्रुवारी १९९६, याच मार्गावर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद, पण ते खरंच ध्वनीच्या पुढे जायचं, त्याची गोष्ट निराळी.)

एक गंमत सांगतो, माझ्या मित्राशी यावरून वाद झाला. तो म्हणाला जाताना वारा आडवा आला तर येताना पाठीशी असतो, शेवटी हिशोब बरोबरच होतो की. नाही होत. ४,००० किमी घे, विमान ताशी ९०० ने, वारा ताशी १०० ने. पाठीशी असताना १,००० ने गेलास, चार तास. समोरून असताना ८०० ने, पाच तास. एकूण नऊ. वारा नसता तर ४,००० भागिले ९००, म्हणजे एका बाजूला जवळपास ४ तास २७ मिनिटं, दोन्ही मिळून ८ तास ५३. जवळपास सात मिनिटं गेली. कारण उलट्या वाऱ्यात तू जास्त वेळ घालवतोस, सुलट्यात कमी. तो गप्प झाला आणि मग म्हणाला सात मिनिटांनी काय होतंय. त्याचंही खरं आहे.

दुसरा घोळ "वेळ" या शब्दाचाच. विमान हवेत असतं तो वेळ वेगळा आणि तिकिटावर छापलेला वेळ वेगळा. तिकिटावरचा असतो ब्लॉक टाइम, गेटवरून मागे ढकलायला सुरुवात होते तेव्हापासून ते पोचून गेटला लागेपर्यंत. त्यात रनवेपर्यंत रांगेत सरकणं आलं, पोचल्यावर वर घिरट्या घालणं आलं, उतरल्यावर गेट रिकामं होण्याची वाट बघणं आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडी ढील ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर आल्यासारखं दिसतं, आणि अमेरिकेतल्या सरकारी हिशोबात तर ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलं तरी वेळेवरच धरतात. ॲपचा आकडा यातला कुठला? कुठलाच नाही. हवेतला वेळ म्हणावा तर जास्त, ब्लॉक टाइम म्हणावा तर बऱ्याचदा कमी. आणि वर शीर्षक काय, तर "प्रवासाचा वेळ". ताई त्या दोन शब्दांनीच फसली. नुसतं "अंदाजे उड्डाण वेळ" लिहिलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

विमान नेहमी जवळच्या रस्त्याने जातंच असंही नाही. उत्तर अटलांटिकवर तर रोज नवे रस्ते आखतात, कॅनडाच्या बाजूने गँडर आणि युरोपच्या बाजूने शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं वारा बघून आखतात, कालचा रस्ता आज असेलच असं नाही. कुठे लष्कराचा भाग बंद, कुठे वादळ, कुठे युद्ध. सगळ्यात जोरदार उदाहरण हेलसिंकी ते टोकियो. ग्रेट सर्कल ७,८०० किमीच्या वर, रस्ता जवळजवळ सगळा रशियावरून. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपातल्या कंपन्यांना बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण एकदम तेरा तासांवर गेलं, काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून न्यायला लागली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं सर्टिफिकेट दिलं म्हणे आठवण म्हणून. ॲपमध्ये टाकलं तर आजही १० तास १७ मिनिटं. जुन्या मार्गाला जास्त आणि नव्या मार्गाला पावणेतीन तास कमी. अंतर बदललेलंच नाही ना त्याच्या दृष्टीने, शहरं जिथल्या तिथे आहेत.

आणि जिथे थेट विमानच नाही तिथेही ते छातीठोकपणे वेळ सांगतं. मी दोन छोटी बेटं टाकली, एक अटलांटिकमधलं आणि एक पॅसिफिकमधलं, तरी आपलं तेच, इतके तास इतकी मिनिटं. त्या मार्गाने कुणी कधी गेलेलं नाही हो!

घड्याळाची सोय मला आवडायला हवी होती. निघायची वेळ टाका, तिकडच्या घड्याळात किती वाजता पोचाल ते दाखवतं. बरेचदा बरोबरही येतं. पण मार्चमध्ये अमेरिका घड्याळं पुढे करते दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटन शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाचऐवजी चारच तासांचा फरक असतो. त्या आठवड्यातली तारीख टाकून बघितली, ॲपने पाचच धरले. आणि मग मी मुद्दाम समोआ काढलं. समोआतलं आपिया आणि अमेरिकन समोआतलं पागो पागो, दोघांत १५० किमी, पण मधून आंतरराष्ट्रीय वार रेषा जाते. समोआने २०११ च्या शेवटी रेषेची बाजू बदलली, ३० डिसेंबर हा दिवस त्यांच्याकडे उगवलाच नाही, आणि तेव्हापासून दोन्हीकडे घड्याळात जवळपास एका अख्ख्या दिवसाचं अंतर, आता तर बरोब्बर २४ तास. म्हणजे आपियाहून शनिवारी सकाळी निघालात की पागो पागोला शुक्रवारी सकाळी उतरता. ॲपने काय दाखवलं माहितीये? "वेळेत फरक नाही." घड्याळाचे काटे बघितले तर बरोबरच की! हॉटेलचं बुकिंग मात्र एक दिवस चुकेल.

एवढं सगळं बोलल्यावर ॲप डिलीट केलं असेल असं वाटेल तुम्हाला, पण नाही केलं. अंतरासाठी ठेवलंय. कारण अंतराचे उपयोग खरे आहेत. युरोपियन युनियनचा विमान रद्द-उशिराच्या भरपाईचा नियम आहे ना, २६१/२००४, त्यात रक्कम ठरते ती अंतरावर, १,५०० किमीपर्यंत एक, त्यापुढे ३,५०० पर्यंत दुसरी अशी, आणि ते अंतर ग्रेट सर्कलनेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. २०१७ मध्ये तिथल्या कोर्टाने तर हेही स्पष्ट केलं की मधे विमान बदललं असेल तरी पहिल्या एअरपोर्टपासून शेवटच्या एअरपोर्टपर्यंतचं सरळ अंतर धरायचं, मधले तुकडे बेरीज करायचे नाहीत. अशा वेळी १,४८० आणि १,५२० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तेव्हा हे ॲप कामाचं. पण सीमारेषेवर असाल तर पृथ्वीचा चपटेपणा हिशोबात घेणाऱ्या साइटवरही एकदा बघून घ्या, वर सांगितलेला तो अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक इथे नडू शकतो. ॲपमध्ये खाली कार्बनचा आकडापण देतात, तो अंतराला कुठल्यातरी एका संख्येने गुणून काढलेला दिसतो, त्यापेक्षा आयकाओचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, स्वतःचा कॅल्क्युलेटर आहे, तो विमानाचा प्रकार आणि भरलेल्या सीटही बघतो.

आता मी स्वतः काय करतो ते. रस्ता बघायचा असेल तर ग्रेट सर्कल मॅपर, दिसायला जुनाट, पण दोन कोड मधे डॅश देऊन टाकले की रेघ वाकडी म्हणजे बरोबर काढून देतो आणि नॉटिकल मैलसुद्धा आहेत. वेळेसाठी विमान कंपनीचं वेळापत्रक, दुसरं काही नाही. आणि प्रत्यक्षात किती लागतात हे हवं असेल तर फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग ठेवणाऱ्या साइटवर त्या फ्लाइट नंबरचे मागचे काही दिवस बघायचे, एक दिवस ६ तास १० आणि दुसऱ्या दिवशी ६ तास ५५ असं दिसलं की आपोआप कळतं कनेक्शनला किती जागा ठेवायची. त्याला जास्तीत जास्त पाच मिनिटं लागतात.

स्टार द्यायचे तर अंतराला पाचपैकी साडेचार, शोधायच्या सोयीला तीन, नकाशाला दोन, वेळेला एक, आणि तोही सूत्र निदान सगळीकडे सारखंच वापरलं म्हणून. ॲपवाल्यांना मी तीन ओळींचा अभिप्राय पाठवलाय, की शब्द बदला, दिशा धरा, आणि १०० किमीच्या आत विमानाची वेळ दाखवूच नका. अजून उत्तर नाही.

ताईने शेवटी नारिताचं तिकीट सोडलं आणि थेट हानेडालाच उतरणारं काढलं, तिथूनच पुढचं. टर्मिनल बदलायला लागेल बहुतेक पण निदान शहर ओलांडायचं नाही. हे कळवायला तिने मेसेज केला आणि खाली अजून एक स्क्रीनशॉट. दोन्ही खणात हानेडाच टाकलं होतं बाईसाहेबांनी. ० किलोमीटर, प्रवासाचा वेळ ३० मिनिटं.